अजित वाडेकर : मिरवणूक ते दगडफेक



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला आधीच बजावलं होतं, की डबा, पावसाळा, बोईसर स्टेशनवरची गर्दी आणि गणिताच्या बाईंचा धाक यावर पुरेसे लेख आले आहेत, तू काहीतरी वेगळं लिही. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला. पुढे इंजिनीअरिंग आणि मग इतकी वर्षं सॉफ्टवेअर. तरीही विषय इतिहासाचाच निवडला आहे, कारण त्याचं एक टोक आपल्या १९९६ च्या बॅचच्या शेवटच्या महिन्याशी जोडलेलं आहे आणि दुसरं टोक आपल्या पालघरला येऊन पोचतं.

निमित्त माझ्या मुलाचं. तो फुटबॉलवेडा आहे. इंग्लंडमधल्या कुठल्यातरी क्लबने मॅनेजरला नारळ दिला की आमच्या घरात दोन दिवस सुतक असतं. फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा आणि हरल्यावर सगळ्यात आधी घरी जाणारा माणूस. लेस्टर सिटी या साध्यासुध्या क्लबला क्लॉडिओ रानिएरी यांनी मे २०१६ मध्ये इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. मोसमाच्या सुरुवातीला त्या शक्यतेवर सट्टेबाज एकास पाच हजार भाव देत होते. नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ ला, त्याच क्लबने त्यांना काढलं. मुलाने हे सांगून विचारलं, "आई, ज्याने कप जिंकून दिला त्यालाच हाकलायचं, असं आपल्याकडे कधी झालंय का?"

झालंय. अगदी फुटबॉलमध्ये आणि अगदी शेजारी गोव्यात झालंय. स्पेनचे सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले. त्यांचा संघ सुंदर खेळायचा आणि भरपूर गोल करायचा. २०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात ते मुंबईत बंगळुरूकडून ०-१ असे हरले, आणि तो एकमेव गोल मारणारा राहुल भेके आपला मुंबईचाच. पुढच्याच महिन्यात लोबेरांच्या संघाने सुपर कप जिंकला. तरी ३१ जानेवारी २०२० ला क्लबने त्यांना काढलं. त्या दिवशी गोवा १५ सामन्यांत ३० गुण घेऊन तक्त्यात पहिला होता आणि साखळीतले फक्त तीन सामने उरले होते! गोव्यातल्या फुटबॉलप्रेमींना धक्का बसला यात नवल नाही. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माजी खेळाडूच्या देखरेखीखाली झाले. संघाने तीनही जिंकले, साखळीत पहिला आला आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला. नंतर उपांत्य फेरीत मात्र चेन्नईकडून हरला.

आता बोला, काढणं बरोबर की चूक? तीनही सामने जिंकले म्हणून बरोबर म्हणावं, तर संघ लोबेरांनीच बांधलेला होता. उपांत्य फेरीत हरले म्हणून चूक म्हणावं, तर आधीच्या मोसमात लोबेरांनाही विजेतेपद मिळालं नव्हतंच. लोबेरा पुढच्या मोसमात मुंबई सिटीकडे आले, उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टीवर हरवलं आणि मार्च २०२१ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबईला विजेतेपद मिळवून दिलं.

पण आपल्या माणसांना आतून हलवून गेलेली उचलबांगडी क्रिकेटमधली आहे. ती अजित लक्ष्मण वाडेकरांची. एकदा १९७४ मध्ये कर्णधार म्हणून, आणि दुसऱ्यांदा १९९६ मध्ये, तेही चक्क मॅनेजर याच पदावरून.

वाडेकरांचा जन्म १ एप्रिल १९४१ चा. मुलाने गणित शिकून इंजिनीअर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. इंजिनीअर झालेल्या आम्हा मंडळींच्या वतीने सांगते, ते झाले नाहीत हे देशाच्या भल्याचंच झालं. कॉलेजच्या संघात बारावा खेळाडू म्हणून सुरुवात, मग मुंबईचा रणजी संघ, स्टेट बँकेतली नोकरी आणि १९६६ मध्ये कसोटी पदार्पण. डावखुरा फलंदाज आणि स्लिपमधला उत्तम झेल पकडणारा. ३७ कसोटींत २११३ धावा, त्यात शतक मात्र एकच, १९६८ मध्ये वेलिंग्टनला केलेलं १४३ धावांचं. न्यूझीलंडच्या त्या दौऱ्यात भारताने परदेशातली पहिली मालिका ३-१ अशी जिंकली. कर्णधार होते मन्सूर अली खान पतौडी.

पतौडींचं नाव लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत पहिला नारळ त्यांना मिळाला. १९६९-७० मध्ये ऑस्ट्रेलियाने भारताला भारतातच ३-१ ने हरवलं. जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना निवड समितीत मतं समान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडी गेले, वाडेकर आले. नवाबाच्या जागी बँकेतला नोकरदार!

पुढचे आठ महिने भारतीय क्रिकेटमध्ये आधी कधी आले नव्हते असे होते. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पहिला दिवस पावसाने वाया गेला. दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांमुळे भारताने ३८७ केल्या आणि वेस्ट इंडिजचा डाव २१७ वर आटोपला. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० ची आघाडी लागते, पण सामना चार दिवसांचा उरला तर १५० पुरते. हा नियम वाडेकरांना पाठ होता. त्यांनी थेट गॅरी सोबर्सना जाऊन सांगितलं, की तुम्हीच पुन्हा फलंदाजीला या. कसोटी अनिर्णित राहिली, पण समोरच्याच्या मनात चलबिचल झाली ती झालीच. पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी भारताने सात गडी राखून जिंकली आणि तेवढ्या एका विजयावर मालिकाही जिंकली. नवख्या सुनील गावसकरने ७७४ धावा केल्या, सरदेसाईंनी ६४२.

मग इंग्लंड. पहिल्या दोन कसोटी अनिर्णित. तिसरी ओव्हलला. इंग्लंड ३५५, भारत २८४, आणि दुसऱ्या डावात चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं. जिंकायला १७३ हव्या होत्या. शेवटच्या दिवशी सकाळी वाडेकर ४५ वर धावबाद झाले, आत आले आणि चक्क झोपले. केन बॅरिंग्टन यांनी उठवून सांगितलं, की तुम्ही जिंकलात. तो दिवस २४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थीचा. लंडनमधल्या भारतीयांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मागून आणून मैदानात फिरवली होती. गणपती आपल्या बाजूने होता याबद्दल घराघरांत शंका उरली नाही.

संघ परतला तेव्हा मुंबईत विमानतळापासून ब्रेबॉर्न स्टेडियमपर्यंत उघड्या गाड्यांतून मिरवणूक निघाली. माझे बाबा त्या गर्दीत होते. वय वर्षं बावीस, मुंबईत नोकरीला लागून वर्षच झालेलं. ते सांगायचे, की फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती, माणसं झाडांवर चढली होती आणि त्यांना वाडेकरांचा फक्त डावा हात दिसला. तेवढ्यावर ते आठवडाभर ऑफिसात भाव खात होते. इंदूरला तर विजयाची खूण म्हणून सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली गेली, 'विजय बल्ला' या नावाने, त्यावर खेळाडूंची नावं. १९७२ मध्ये वाडेकरांना पद्मश्री मिळाली. १९७२-७३ मध्ये इंग्लंड भारतात आलं आणि पहिली कसोटी हरूनही वाडेकरांच्या संघाने मालिका २-१ ने जिंकली. सलग तीन मालिका!

आणि मग १९७४. त्या वर्षीची सुरुवातच खराब झाली. सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकणारी मुंबई मार्चमध्ये बंगळुरूला उपांत्य सामन्यात कर्नाटककडून हरली. मुंबईचे कर्णधार वाडेकरच होते, आणि धाव घेताना पाय घसरून ते धावबाद झाले. एप्रिलमध्ये संघ इंग्लंडला गेला. गारठा, ओल्या खेळपट्ट्या, चेंडू हातभर वळणारा. मँचेस्टरला भारत ११३ धावांनी हरला. लॉर्ड्सला चंद्रशेखरच्या हाताला सुरुवातीलाच दुखापत झाली, इंग्लंडने ६२९ केल्या, भारताने ३०२ आणि फॉलोऑननंतर ४२. सगळा संघ १७ षटकांत ४२! दोन आकडी धावा एकट्या एकनाथ सोलकरच्या, नाबाद १८. पराभव एक डाव आणि २८५ धावांनी. बर्मिंगहॅमला पुन्हा एक डाव आणि ७८ धावांनी. मालिका ०-३.

मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या बॅटीची लोकांनी विटंबना केली. निवड समितीने त्यांना भारताच्या संघातून काढलंच, पण दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातही घेतलं नाही. तीन वर्षांपूर्वी ज्याची मिरवणूक काढली, त्याला विभागाच्या अकरा जणांतही जागा नाही. वाडेकरांनी निवृत्ती जाहीर केली. वय ३३.

लोक इतके का चिडले असावेत? बाबांचं म्हणणं मला पटतं. ते म्हणायचे, "एकाहत्तरला पोट भरलेलं नव्हतं, पण छाती भरलेली होती. चौऱ्याहत्तरला दोन्ही रिकामं." ७२ चा दुष्काळ होऊन गेला होता, महागाईने कंबरडं मोडलं होतं, मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला होता. गाडीवर पोट असलेल्या आपल्या या भागात तो काय असेल याची कल्पना आपण करू शकतो. त्याच मे महिन्यात, १८ तारखेला पोखरणला अणुचाचणी झाली आणि पुढे आपल्या तारापूरच्या अणुवीजकेंद्राला मिळणाऱ्या अमेरिकी इंधनाचा वाद सुरू झाला. राग बराच साठलेला होता, आणि तो काढायला सरकारपेक्षा क्रिकेटचा कर्णधार सोपा होता, कारण त्याच्या घराचा पत्ता माहीत होता.

माझ्या व्यवसायातली एक पद्धत इथे सांगते. सर्व्हर बंद पडून ग्राहकांचं नुकसान झालं की आम्ही नंतर बैठक घेतो आणि कारणांचा कागद तयार करतो. नियम असा, की कारणांच्या यादीत माणसाचं नाव लिहायचं नाही. 'अमुकने चूक केली' असं लिहिलं की सगळ्यांना हायसं वाटतं, शोध तिथेच थांबतो, आणि खरं कारण तसंच राहून पुढच्या महिन्यात पुन्हा डोकं वर काढतं.

वाडेकरांचा असा कागद केला तर काय दिसतं? १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पाचपैकी एकच कसोटी निकाली झाली. शेवटच्या कसोटीत वेस्ट इंडिजचे आठ गडी बाद झाले आणि वेळ संपली, म्हणजे सामना कुठेही झुकू शकला असता. इंग्लंडमध्ये लॉर्ड्सला जिंकायला ३८ हव्या होत्या आणि दोनच गडी हातात होते तेव्हा पाऊस आला. मँचेस्टरला भारतापुढे ४२० चं लक्ष्य होतं, तीन गडी बाद होऊन ६५ झाल्या होत्या, आणि शेवटचा दिवस पावसाने खाल्ला. ज्या पावसाने १९७१ मध्ये वाचवलं, त्याच देशातल्या ओल्या उन्हाळ्याने १९७४ मध्ये बुडवलं. कर्णधार तोच होता, गोलंदाजांची भिस्त त्याच फिरकीवर होती. म्हणजे मिरवणूक निघाली ती कामगिरीपेक्षा मोठी होती, आणि दगड पडले तेही कामगिरीपेक्षा मोठे होते. कर्णधार म्हणून वाडेकरांचा हिशेब आहे १६ कसोटी, ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. देव किंवा दानव कुठल्याच खात्यात हा हिशेब बसत नाही.

आणि माणूस बदलून काय झालं? वाडेकरांच्या जागी निवड समितीने पुन्हा पतौडींना आणलं. ज्यांना काढून वाडेकरांना आणलं होतं, त्यांनाच! १९७४-७५ ची वेस्ट इंडिजविरुद्धची घरची मालिका भारत २-३ ने हरला. समोरचा कर्णधार होता क्लाइव्ह लॉइड. हेही नाव लक्षात ठेवा.

आता आपल्या वर्षाकडे येऊ. नव्वदच्या दशकात वाडेकर संघाचे मॅनेजर म्हणून परतले. मोहम्मद अझरुद्दीन कर्णधार. १९९३ मध्ये त्यांच्या संघाने इंग्लंडला भारतात ३-० ने हरवलं. १९७४ च्या ०-३ ची परतफेड एकोणीस वर्षांनी त्याच आकड्यात झाली. त्याच वर्षी हीरो कप जिंकला. मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला सचिन तेंडुलकरला पहिल्यांदा एकदिवसीय सामन्यात सलामीला पाठवलं गेलं आणि त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

१३ मार्च १९९६. बुधवार. आपल्या बॅचला ही तारीख वेगळी सांगायला नको. बोर्डाचे दिवस, पुस्तक मांडीवर आणि कान टीव्हीकडे. वर्ल्ड कपची उपांत्य फेरी, ईडन गार्डन्स. अझरने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं, श्रीलंकेने २५१ केल्या. भारत एक बाद ९८ वर मजेत होता. सचिन यष्टिचीत झाला आणि आठ बाद १२० झाले. स्टँडमधून बाटल्या आल्या, आगी पेटल्या, आणि सामनाधिकाऱ्याने सामना श्रीलंकेला बहाल केला. सामनाधिकारी होते क्लाइव्ह लॉइड. विनोद कांबळी रडत बाहेर आला, ते चित्र आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमच्या घरात त्या रात्री शेजारची बरीच मंडळी जमली होती. अझरचा आणि वाडेकरांचा उद्धार चालला होता. नाणेफेकीचा निर्णय कोणाचा, मॅनेजर झोपला होता काय, असं सगळं. बाबा गप्प होते. सगळे गेल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चौऱ्याहत्तरला मीही हेच बोललो होतो. दगड नाही मारला, पण ऑफिसात बसून शिव्या दिल्या. ज्याचा नुसता हात बघून आठवडाभर मिरवलो, त्याला."

बाबा गप्प असण्याचं आणखी एक कारण होतं. ते तेव्हा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात उत्पादनाचे प्रमुख होते, म्हणजे आदल्या दिवाळीपर्यंत होते. आठ वर्षं त्यांनी तो विभाग उभा केला. तीन पाळ्या लावल्या, कामगारांना नावानिशी ओळखायचे. मग एका तिमाहीत दोन मोठा माल परत आला. मालातला दोष कच्च्या मालातून आला होता हे पुढे निघालं, पण तोवर बाबांना स्टोअरच्या टेबलावर बसवलं होतं. दसऱ्याला त्यांच्या गळ्यात हार घालणारे लोक कँटीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसायला लागले. बाबांनी निवृत्तीपर्यंत स्टोअर सांभाळलं आणि ते इतकं चोख ठेवलं, की ऑडिटवाले तिथे फार वेळ थांबायचे नाहीत. हे सगळं मला त्या वेळी कळलं नव्हतं. तुमच्यापैकी अनेकांचे वडील त्याच एमआयडीसीत होते. तुमच्या घरातही अशी एखादी दिवाळी असेल.

वर्ल्ड कपनंतर मॅनेजरपद वाडेकरांकडे राहिलं नाही. इंग्लंडच्या दौऱ्यावर संदीप पाटील गेले. तो दौराही भारत हरला, अझरचं कर्णधारपद गेलं आणि काही महिन्यांतच पाटील यांच्या जागी मदनलाल आले. एका वर्षात तीन माणसं बदलली.

या गोष्टीचं पालघरचं टोक अजून बाकी आहे. ४२ हा भारताचा नीचांक शेहेचाळीस वर्षं टिकला. तो मोडला १९ डिसेंबर २०२० ला, अ‍ॅडलेडमध्ये, ३६ धावांवर. त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांनी काय काय म्हटलं असेल ते आठवा. पण या वेळी मंडळाने कोणाला नारळ दिला नाही. विराट कोहली आधीच ठरल्याप्रमाणे रजेवर घरी आला, अजिंक्य रहाणे कर्णधार झाला, प्रशिक्षक रवी शास्त्रीच राहिले. मेलबर्नला रहाणेने ११२ केल्या आणि भारत जिंकला. ब्रिस्बेनला अर्धा संघ जायबंदी होता. सहा बाद १८६ वर आपला पालघरचा शार्दूल ठाकूर खेळायला आला, माहीमकडचा, किटची बॅग खांद्यावर टाकून पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणारा. त्याने ६७ केल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ ची भागीदारी केली आणि सामन्यात सात बळी घेतले. १९ जानेवारी २०२१ ला भारताने तो सामना आणि मालिका जिंकली. छत्तीसनंतर बरोबर एक महिना.

४२ नंतर माणूस काढला आणि पुढची मालिका हरलो. ३६ नंतर माणसं ठेवली आणि तीच मालिका जिंकलो. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये हे मला व्यवसायाने शिकवलं आहे. कधी कधी बदल करावाच लागतो, हेही खरं. पण एका वाईट डावावरून माणसाची किंमत ठरवता येत नाही, एवढं म्हणायला ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारत ओव्हलवर जिंकला. १९७१ नंतर त्या मैदानावरचा तो पहिलाच विजय, पन्नास वर्षांनी. दोन्ही डावांत अर्धशतक करणारा होता शार्दूल, ५७ आणि ६०, शिवाय दुसऱ्या डावात जो रूटचा बळी. बाबा तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. सामना संपल्यावर ते म्हणाले, "वाडेकर असते तर बरं झालं असतं."

वाडेकर १५ ऑगस्ट २०१८ ला गेले. तीन दिवसांनी नॉटिंगहॅमला भारतीय संघ दंडाला काळ्या फिती बांधून उतरला आणि तो सामना जिंकला, इंग्लंडमध्येच.

मित्रमैत्रिणींनो, आपण तीस वर्षांनी भेटतो आहोत. सगळे पंचेचाळिशीच्या आसपास. चिंचणी, वाणगाव, उमरोळी, सफाळे, पालघर, पुणे, परदेश, जिथून जे येतील त्यांतल्या कोणाचं १९७१ चालू असेल, कोणाचं १९७४. कोणाचं युनिट बंद पडलं आहे, कोणाला कंपनीने घरी बसवलं आहे, कोणी म्हणूनच गटावर गप्प आहे आणि कदाचित यायचंही टाळेल. त्याला फोन करा. वर्गात पहिल्यांदा कोणी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, ते आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला आठवणार नाही. आणि सर, बाई, तुमच्याबद्दल एक सांगते. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्याची पाठ थोपटून झाल्यावर तुम्ही नापास झालेल्यांच्या घरी जायचात. ते आम्ही पाहिलं होतं.